मोठे अंडे आणि कोंबडीचे आरोग्य

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात व्हाइनलँड येथे 25 फेब्रुवारी 1956 रोजी एका पांढऱ्या लेगहॉर्न कोंबडीने 454 ग्रॅम वजनाचे अंडे घातल्याची नोंद आहे. त्या अंड्यात दोन बलक होते व त्याचे कवचही दुहेरी होते. या जातीच्या मादीचे वजन सुमारे दोन किलोग्रॅम किंवा त्याहून कमी असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ते अंडे तिच्या शरीरभाराच्या निदान पाचव्या हिश्शाएवढे होते असे दिसून येईल. अशा नोंदी कौतुकाने वाचल्या जातात. परंतु अंड्याचा मोठेपणा हे कोंबडीच्या सुदृढपणाचे लक्षण मानावे काय, हा प्रश्न शास्त्रीय दृष्ट्या वेगळा आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम मोठ्या अंड्यांचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. पहिला प्रकार प्रासंगिक होय. अंडाशयातून एका वेळी एकच पक्व बलक सुटावा असा नियम आहे. दोन बलक जवळजवळ एकाच वेळी सुटले तर ते एकाच कवचात बंद होतात. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगांत हा क्रम स्थिर झालेला नसल्यामुळे दुबलकी अंडी त्यांच्यात अधिक आढळतात. क्वचित तयार झालेले अंडे अंडनलिकेत उलट दिशेने ढकलले जाते आणि त्याभोवती दुसरे अंडे बनते. दुसरा प्रकार नित्याचा होय. जात, वय, शरीराचे वजन व खाद्यातील प्रथिने यांनुसार काही कोंबड्या सातत्याने मोठी अंडी घालतात. एखादे दुबलकी अंडे हे चिंतेचे कारण नव्हे. मात्र कळपात अशा अंड्यांचे प्रमाण वाढले तर संगोपनात काहीतरी चुकले आहे असे समजावे.

मोठ्या अंड्यामुळे कोंबडीच्या शरीरातील कॅल्शियम झिजते, असा एक समज प्रचलित आहे. तो अर्धवट खरा आहे. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते. अंडे मोठे झाले तरी कवचद्रव्य त्या प्रमाणात वाढत नाही; तेच द्रव्य अधिक पृष्ठभागावर पसरते व कवच पातळ होते. उतारवयातील कोंबड्यांची मोठी अंडी सहज फुटतात, त्याचे हे एक कारण आहे. कॅल्शियमची खरी झीज होते ती अंड्यांच्या संख्येमुळे. आधुनिक कोंबडी वर्षाला 300 च्या आसपास अंडी घालते, आणि खाद्यातून पुरेसा पुरवठा न झाल्यास तिची हाडे खर्ची पडतात.

आकारमानाचा थेट दुष्परिणाम यांत्रिक स्वरूपाचा आहे. अंडे बाहेर पडताना अंडनलिकेचा अखेरचा भाग गुदद्वारातून क्षणभर उलटून बाहेर येतो व लगेच आत जातो. अंडे फार मोठे असेल, कोंबडी कोवळी किंवा अतिशय लठ्ठ असेल, तर ताणलेला भाग लवकर आत जात नाही. यालाच अंग बाहेर येणे म्हणतात. तो लाल भाग पाहून इतर कोंबड्या त्यावर चोची मारतात आणि पुष्कळदा मृत्यू ओढवतो. दुसरी आपत्ती अंडे अडकण्याची. येथे कॅल्शियमचा संबंध पुन्हा येतो. कारण रक्तात ते कमी पडल्यास स्नायूंचे आकुंचन दुर्बल होते, आणि एरवी बाहेर पडले असते असे अंडेही अडकून राहते. वेळीच सुटका न झाल्यास कोंबडी दगावते.

या यांत्रिक भाराचा आणखी एक परिणाम अलीकडे पुढे आला आहे. डेन्मार्कमधील 40 कळपांतील 4,794 कोंबड्यांची तपासणी करून 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उरोस्थीचे अस्थिभंग सर्व प्रकारच्या संगोपनपद्धतींत फार मोठ्या प्रमाणावर आढळले. लवकर अंड्यावर येणे, प्रारंभीच्या अंड्यांचे अधिक वजन आणि कोंबडीचे कमी वजन यांच्याशी त्यांचा संबंध दिसून आला. अंड्याचा आतून पडणारा दाब हे त्याचे एक संभाव्य कारण म्हणून अभ्यासकांनी सुचविले आहे. उरोस्थी पूर्णपणे टणक होण्यास सुमारे 35 ते 40 आठवडे लागतात, तर अंडी 18 ते 20 आठवड्यांतच सुरू होतात. हे पाहता ही सूचना विचारार्ह ठरते.

यावरून उपायांची दिशा स्पष्ट होते. महाराष्ट्रात उन्हाळ्यातील सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. म्हणून दिव्यांच्या साहाय्याने प्रकाशकाल 16 तासांपर्यंत वाढविण्याची प्रथा आहे. तलंगांचे वजन जातीच्या अपेक्षेइतके भरण्यापूर्वी ही वाढ करू नये. अपुऱ्या वाढीच्या शरीरास अंडी घालण्यास लावणे हेच बहुतेक अनर्थांचे मूळ आहे. कवच मुख्यतः रात्री बनते, यास्तव शिंपल्याचे जाडसर खडे सायंकाळी द्यावेत. उतारवयात अंडी अवाजवी मोठी होऊ लागल्यास खाद्यातील मेथिओनीन व लिनोलेइक आम्ल यांचे प्रमाण बेताने कमी करून आकार आवरता येतो.

आपल्याकडे अंड्यांचा घाऊक भाव बहुतांशी शेकड्यावर ठरतो, वजनावर नव्हे. तेव्हा अतिमोठ्या अंड्यापासून पाळणाऱ्यास फारसा लाभ नाही आणि कोंबडीस तर धोकाच आहे. यास्तव निवडपैदाशीच्या नोंदवहीत अंड्याचे वजन एकटे लिहून भागणार नाही. कोंबडीचे वजन, पहिल्या अंड्याच्या वेळचे तिचे वय आणि तिच्या उरोस्थीची स्थिती या गोष्टी त्याच ओळीत नोंदविल्या गेल्या, तरच अंड्याचा मोठेपणा गुण आहे की दोष, हे सांगता येईल.