आजीबाईच्या बटव्याचा ताळेबंद

सातारा-सांगलीकडील कोणत्याही जुन्या घराचे फडताळ उघडले, तर ओवा, सुंठ, हिंग, हिरडा आणि एरंडेलाची बाटली एवढा ऐवज त्यात हमखास सापडेल. पोट दुखले की ओवा आणि मीठ, तान्ह्याचे पोट फुगले की बेंबीभोवती हिंगाचा लेप, बद्धकोष्ठाला हिरडा आणि नित्याची म्हणून सहाणेवर उगाळलेली बाळगुटी, ही विद्या सासूकडून सुनेकडे व आईकडून लेकीकडे तोंडीच येत गेली. तिला मोल पडत नाही, म्हणून राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोष्टकात तिची नोंद होत नाही. परंतु जिला किंमत नाही तिला मूल्यही नाही, असे अर्थशास्त्रही म्हणणार नाही.

जावळी-पाटणच्या डोंगरवाडीतून दवाखाना गाठायचा म्हणजे गाडीभाडे आले आणि दिवसाची मजुरी बुडाली. किरकोळ पोटदुखीसाठी हा खर्च वाचविणे ही खरीखुरी बचत होय. शिवाय यातील सारेच भाबडेपणाचे नाही. ओव्यात थायमॉल हे जंतुनाशक द्रव्य असते. सुंठीने मळमळ कमी होते. हिरडा सारक आहे.

तथापि प्रत्येक ताळेबंदाला दुसरी बाजू असते, आणि येथे ती बालकांच्या जिवाशी निगडित आहे. पहिले सहा महिने मुलाला आईच्या दुधावाचून काहीही देऊ नये, असे वैद्यकशास्त्र आज निःसंदिग्धपणे सांगते. सहाणेवरून व पाण्यातून गुटीबरोबर रोगजंतूही पोटात जाऊ शकतात. त्याहून घातक समजूत अशी की, जुलाब होत असता पाणी दिल्यास ते वाढतात. वस्तुतः जुलाबाने मूल दगावते ते प्रामुख्याने शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे.

१९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली, तेव्हा पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापाशी शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले. त्यांनी मीठ व ग्लुकोज मिसळलेले पाणी रुग्णांना तोंडावाटे पाजले, आणि छावणीतील मृत्यूचे सुमारे ३० टक्के असलेले प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. हा उपाय स्वयंपाकघरातही करता येतो: उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. आरोग्य केंद्रातील क्षारसंजीवनीची पुडी मिळाल्यास ती अधिक चांगली. सहकारी साखर कारखान्यांच्या या दोन जिल्ह्यांत हे ज्ञान नसलेले एकही घर असू नये. २००५ व २०१९ चे महापूर पाहिलेल्या कृष्णाकाठाला तर दूषित पाण्याचे भय वेगळे सांगावयास नको.

म्हणून प्रश्न बटवा फेकून देण्याचा नाही, तो तपासून घेण्याचा आहे. ओवा-सुंठ राहू द्यावी. तान्ह्याची गुटी थांबवावी. साखर-मिठाच्या पाण्याची भर घालावी. मात्र शौचातून रक्त पडणे, डोळे खोल जाणे, लघवी बंद होणे ही लक्षणे दिसताच रुग्णास दवाखान्यात न्यावे, आणि पोटात तीव्र कळ असताना एरंडेल कदापि देऊ नये. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीचा शब्द आजही गावात मानला जातो. आशा कार्यकर्तीने सुनेआधी सासूला विश्वासात घेतले, तर ही दुरुस्ती ज्या वाटेने मूळ विद्या आली त्याच वाटेने पुढच्या पिढीपर्यंत पोहोचेल.