यंत्रदेहात आला माणूस

जपानच्या बॅनप्रेस्टो कंपनीने एप्रिल १९९१ मध्ये गेमबॉयसाठी काढलेल्या ‘सुपर रोबोट वॉर्स’ या डावपेचांच्या खेळात मॅझिंगर, गेटर आणि गंडम या निरनिराळ्या चित्रमालिकांतील महायंत्रे एकाच रणपटावर दाखल झाली खरी. परंतु तेथे यंत्रांनाच सचेतन मानलेले असल्यामुळे मूळ कथांचा प्राण असलेले चालक मुळीच नव्हते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात फॅमिकॉमवर अवतरलेल्या, याच खेळमालिकेतील दुसऱ्या खेळाने ही उणीव दूर केली, आणि माझ्या मते समग्र मालिकेचा पाया येथेच घातला गेला. मॅझिंगर झेडमध्ये कोजी काबुतो, गंडममध्ये आमुरो रे विराजमान झाले. साहजिकच कोणास कोठे तैनात करावे हे ठरविताना यंत्राच्या चिलखताइतकाच आतल्या मनुष्याच्या कर्तबगारीचा विचार करणे खेळाडूस भाग पडले. खलनायक बियान झोल्डार्कच्या संघटनेविरुद्धच्या मोहिमेने सुट्या लढायांना कथासूत्र लाभले. शिवाय उसन्या वीरांच्या या फौजेत मासाकी आंदो आणि त्याचा सायबस्टर हे खास या खेळासाठी निर्मिलेले पात्र व यंत्र सामील झाले, हे मला विशेष मोलाचे वाटते. १९९६ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र खेळही निघाला.