ऑक्सिजन: स्त्रियांच्या एका वाहिनीची तीन रूपं

जेराल्डिन लेबोर्न मूळच्या शिक्षिका. 'निकलोडियन' ही मुलांची अमेरिकी वाहिनी त्यांनी नावारूपाला आणली, ती मुलांना काय आवडतं हे मुलांनाच विचारून. १९९८ साली हीच रीत त्यांनी स्त्रियांसाठी वापरायची ठरवली. स्त्रियांना डोळ्यांसमोर ठेवणारी 'लाइफटाइम' ही केबल वाहिनी १९८४पासून चालू होतीच. लेबोर्न यांना मात्र दूरचित्रवाणी आणि इंटरनेट यांची सांगड घालायची होती. ओप्रा विन्फ्री आणि मार्सी कार्सी, टॉम वर्नर, कॅरिन मँडबाख हे नामांकित निर्माते भागीदार झाले. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अॅलन यांनी पैसा घातला. २ फेब्रुवारी २००० रोजी 'ऑक्सिजन' सुरू झाली.

पहिल्या दिवसांतले कार्यक्रम पाहिले की त्यामागची श्रद्धा जाणवते. ओप्रा आणि त्यांच्या मैत्रीण गेल किंग पडद्यावर इंटरनेट वापरायला शिकत होत्या. अभिनेत्री कँडिस बर्गन निवांत मुलाखती घेत. पैशांच्या व्यवहारावर एक कार्यक्रम, किशोरवयीन मुलींसाठी दुसरा. पडद्याच्या तळाशी माहितीची पट्टी असे. प्रेक्षक स्त्रीला काही कळावं, करता यावं, हा त्यामागचा हेतू.

पण केबलच्या धंद्यात वाहिनी चांगली असून भागत नाही, केबल कंपन्यांनी ती घ्यावी लागते. सुरुवातीला 'ऑक्सिजन' जेमतेम कोटीभर घरांत पोचत होती. बहुतेक घरांत इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून रखडत येई, त्यावर व्हिडिओ पाहणं अशक्यच. त्यात २०००च्या वसंतात इंटरनेट कंपन्यांचे शेअर कोसळले. वर्ष संपता संपता नोकरकपात करावी लागली आणि संकेतस्थळांचा पसारा आवरता घ्यावा लागला.

मग वाहिनीने मनोरंजनाची वाट धरली. कॅनडातल्या परिचारिका सू जोहान्सन लैंगिक प्रश्नांची उत्तरं बिनधास्त देत. पहिल्या संकल्पाची ही सर्वांत सच्ची खूण. पण खरी गर्दी खेचली ती २००६च्या डिसेंबरात आलेल्या 'बॅड गर्ल्स क्लब'ने. भांडकुदळ तरुणी एका घरात कोंडायच्या आणि कॅमेरे सुरू ठेवायचे. प्रेक्षक वाढले, जाहिराती वाढल्या. २००७ साली एनबीसी युनिव्हर्सलने ही वाहिनी ९२.५ कोटी डॉलरना विकत घेतली. तोवर ती सात कोटींहून अधिक घरांत पोचली होती.

तिसरं रूप २०१७चं. 'स्नॅप्ड' ही खुनाच्या आरोपातल्या स्त्रियांच्या खऱ्या प्रकरणांची मालिका २००४पासून न थकता चालत आली होती. तिच्या जोरावर अख्खी वाहिनीच सत्य गुन्हेकथांची झाली. यात निव्वळ सवंगपणा पाहणं अन्यायाचं होईल. २०१०मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की अशा कथांकडे पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक ओढल्या जातात आणि सुटकेची युक्ती सांगणारी कथा त्यांना जास्त आकर्षित करते. भीतीच्या जगात सावध राहण्याचं शिक्षणच त्या शोधत असाव्यात.

म्हणजे प्रेक्षक स्त्रियाच राहिल्या. बदलली ती त्यांना ओळखण्याची पद्धत. लेबोर्न स्त्रियांना विचारत होत्या, नंतरच्या काळात स्त्रिया मोजल्या गेल्या. मोजणीतून माणूस काय पाहतो ते कळतं, त्याला अजून काय हवं होतं ते कळत नाही. २०११च्या पहिल्याच दिवशी ओप्रांनी 'ओन' ही स्वतःची वाहिनी सुरू केली, तेव्हा ती पोकळी शिल्लक होती, हेच दिसलं.

लेबोर्न यांचा अंदाज चुकला तो वेळेचा. पडदा आणि इंटरनेट एक होतील हे त्यांचं म्हणणं आज प्रत्येक फोनवर खरं ठरलं आहे. पैसा, शरीर, काम, मुलीचं वाढतं वय या विषयांवर स्त्रिया आता स्वतःच बोलतात, व्हिडिओ करतात आणि लाखोंपर्यंत पोचतात. त्यांना कुठल्या केबल कंपनीची परवानगी लागत नाही. म्हणून 'ऑक्सिजन'चं मोल तिच्या विक्रीच्या आकड्यावरून ठरवू नये. २०००च्या त्या कार्यक्रमपत्रिकेत स्त्रीला ग्राहक होण्याआधी जाणती मानलं होतं, आणि स्त्रियांसाठी काहीही काढणाऱ्याने आजही तिथूनच सुरुवात करायला हवी.