स्लॅब भरण्याआधी जिना मोजा

घर बांधायला गटातून कर्ज हवं असलं की अर्जासोबत खर्चाचा कागद येतो. त्यात विटा, वाळू, सळई, दारं-खिडक्या सगळं तपशिलात लिहिलेलं असतं. जिन्याची मात्र एकच ओळ: ‘लोखंडी जिना, एक नग’. आज बोलू या त्या एका नगाबद्दल.

गच्चीवर सगळ्यात जास्त खेपा कुणाच्या होतात? धुणं वाळत घालायचं, मिरच्या पसरायच्या, टाकीत पाणी आलं का बघायचं. उन्हाळ्यात तर कुरडया, पापड, सांडगे घेऊन दिवसभर वर-खाली. हातात परात असली की पायाखालची पायरी दिसत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पायाला उंचीचा अंदाज येतो आणि पुढचे पाय त्या अंदाजानेच पडतात. म्हणून जिना मोजायचा तो मोकळ्या हाताने चढणाऱ्या गड्याला धरून नाही, तर भरल्या हाताने उतरणाऱ्या बाईला धरून.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घराच्या जिन्यासाठी मापं दिलेली आहेत. एका पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच. पाऊल ठेवायची जागा कमीत कमी २५० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १० इंच. ठेकेदार उंचीला ‘रायझर’ आणि पाऊल ठेवायच्या जागेला ‘ट्रेड’ म्हणतात. त्यांच्याशी बोलताना हे दोन शब्द वापरा, समोरचा जरा सरळ बसतो!

आता हिशेब करू. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच. पायरी ७ इंचांची धरली तर १८ चढ होतात. शेवटचा चढ थेट गच्चीवर जातो, म्हणून पाऊल ठेवायच्या जागा १७. प्रत्येकी १० इंच धरले तर सरळ जिन्याला १७० इंच, म्हणजे चौदा फुटांच्या वर लांबी लागते. मध्ये वळण घेऊन ९ आणि ९ असे दोन भाग केले, वळणावर ३ फुटांचा टप्पा ठेवला, तर लांबी पावणेदहा फुटांत बसते, पण रुंदी सहा फुटांच्या थोडी वर जाते. प्रधानमंत्री आवास योजनेचं गावाकडचं घरकुल २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट. त्यातली जवळजवळ पाव जागा जिनाच खाईल. म्हणून आपल्याकडे जिना घराबाहेर जातो आणि बाहेरही जागा वाचवण्यासाठी उभाच केला जातो. त्याच उंचीला ९ इंचांचे १४ चढ आणि ८ इंचांची पायरी केली की जिना पावणेनऊ फुटांत बसतो. लोखंडही वाचतं. चढताना फारसं जाणवत नाही, पण उतरताना निम्मी टाच नाहीतर चवडा पायरीबाहेर राहतो आणि माणूस आडवं होऊन उतरायला लागतं.

गोल जिना तर आम्ही नकोच म्हणतो. दिसायला छान, पण आतल्या बाजूला पायरी चिंचोळी होते. धान्याचं पोतं वर नेता येत नाही आणि आजारी माणसाला उचलून खाली आणायची वेळ आली तर दोघांना पुढे-मागे धरताही येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो पहिल्या आणि शेवटच्या पायरीत. मिस्त्री जिन्याचं काँक्रीट भरतो तेव्हा फरशी बसलेली नसते. नंतर खाली दोन इंचांची फरशी चढली की पहिली पायरी दोन इंचांनी बुटकी होते. वर गच्चीवर उताराचा थर पडला की शेवटची तेवढीच उंच होते. मधल्या सगळ्या सारख्या, ही दोन टोकंच वेगळी. परात घेऊन उतरणारी बाई शेवटच्या पायरीवर हिसका खाते, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. म्हणून सेंट्रिंग लागताना मिस्त्रीला विचारा, ‘फरशीचा थर धरून माप घेतलंय का?’ काँक्रीट भरल्यावर विचारून उपयोग नाही. पायऱ्या विषम हव्यात असं कुणी म्हणालं तर १८ ऐवजी १७ किंवा १९ करा. १७ केल्या तरी प्रत्येक चढ साडेसात इंचांच्या आत राहतो. पण अट एकच, सगळ्या सारख्या.

हल्ली मोबाईलवर भिंतीतून नुसत्या बाहेर आलेल्या, कठडा नसलेल्या पायऱ्यांची चित्रं दिसतात. लेकरंबाळं असलेल्या घरात ते नको. कठडा पायरीपासून साधारण तीन फूट उंच हवा. त्याचे गज उभे घ्या, कारण आडव्या गजांवर पोरं शिडीसारखी चढतात. दोन गजांत चार इंचांपेक्षा कमी फट ठेवा. चकचकीत ग्रॅनाइट ओलं झालं की घसरतं. ते लावायचंच असेल तर पायरीच्या कडेला खाचा मारून घ्या. बाहेरच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूला किंचित उतार द्या, पाणी साचत नाही. दिव्याचं बटण वर आणि खाली, दोन्हीकडे घ्या.

ज्यांचा उभा जिना आधीच झालाय त्यांनी निदान दोन्ही बाजूंना पाइप लावून घ्यावा आणि पायऱ्यांच्या कडा पिवळ्या रंगाने रंगवाव्यात. गच्चीच्या कठड्याला कप्पी बसवली तर वाळवणाची पाटी दोराने वर ओढता येते, हात मोकळे राहतात. आणि ज्यांचे अर्ज या महिन्यात यायचे आहेत त्यांनी ‘एक नग’च्या पुढे चढ किती, उंची किती, पायरी किती इंचांची, हे मिस्त्रीकडून लिहून आणावं. मोजपट्टी गटाच्या पेटीत ठेवली आहे.