कड्यावरून पाय सुटल्यावरची उडी

'सेलेस्ट' हा २०१८चा गेम दिसायला जुनाट. मूळ चित्र अवघं ३२० बाय १८० ठिपक्यांचं, तेच ताणून पडदाभर केलेलं. पण हा जुनेपणा सोयीपुरताच. १९८०च्या दशकातल्या निन्टेंडोच्या यंत्राला एका आडव्या रेषेत हलत्या चित्रांचे आठच तुकडे दाखवता येत. त्याहून जास्त झाले की काही गायब व्हायचे आणि चित्र लुकलुकायचं. असाच जुना दिसणाऱ्या 'शव्हल नाइट' या गेमने (२०१४) रंग जवळपास त्या काळचे ठेवले, लुकलुकणं मात्र मुकाट्यानं काढून टाकलं.

खरी गंमत उडीत आहे. 'सेलेस्ट'च्या नायिकेचा, मॅडेलिनचा पाय कड्यावरून सुटला, तरी सेकंदाचा दहावा भाग उडीचं बटण चालतं. जमिनीला टेकण्याआधी किंचित लवकर दाबलं, तरी गेम ते लक्षात ठेवतो. डोकं कोपऱ्याला जरासं घासलं, तर तिला हळूच बाजूला सरकवतो. खेळणाऱ्याला वाटतं, आपलाच हात बसला! ही लबाडी मला तरी मान्य आहे.

मेल्यावर पुन्हा सुरुवातही क्षणात, त्याच खोलीतून. जुन्या गेममध्ये मोजके जीव संपले की बहुतेकदा थेट पहिल्यापासून; ती शिक्षा मला तेव्हाही आवडत नव्हती.