बॉस्टनचा बर्फ, मुंबईचं आइस्क्रीम

१८३४ साली जमशेटजी जीजीभाईंनी मुंबईत मेजवानी दिली आणि पाहुण्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं. यजमानांसकट मंडळी सर्दीने बेजार झाली आणि 'मुंबई समाचार'ने 'भोगा आता फळं' अशा थाटात त्यांची खबर घेतली, असा किस्सा सांगतात. प्रश्नमंजूषेला शोभेल असा प्रश्न आहे तो पुढेच. त्या आइस्क्रीमसाठी लागणारा बर्फ मुंबईत आला कुठून?

बहुतेक जण हिमालय म्हणतील. उत्तर चुकीचं असलं तरी वेडगळ नाही. अकबराच्या लाहोरच्या दरबारात डोंगरातून बर्फ येई, तशी नोंद 'आईन-इ-अकबरी'त आहे. गंगेकाठच्या मुलखात थंडीच्या रात्री उथळ मातीच्या परळांत पाणी ठेवून पातळ पापुद्र्यांचा बर्फ धरत. पण मुंबईला ना तशी थंडी, ना जवळ हिमालय. मग यंत्र? बर्फ करणाऱ्या यंत्राचं पेटंट जेकब पर्किन्सने लंडनमध्ये घेतलं ते नेमकं १८३४ सालीच, आणि त्याचा धंदा व्हायला पुढे कित्येक वर्षं गेली.

बर्फ आला अमेरिकेतून. बॉस्टनच्या आसपासची तळी हिवाळ्यात गोठत, तिथला. शिडाच्या जहाजातून, आफ्रिकेला वळसा घालून. सुएझचा कालवा खुला झाला १८६९ मध्ये, त्यामुळे जवळची वाट नव्हतीच. या प्रवासात विषुववृत्त दोनदा ओलांडावं लागे!

हा उद्योग फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बॉस्टनकराचा. १८०६ मध्ये त्याने कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक बेटावर पहिला बर्फ धाडला तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढलं. तोटा झाला, कर्ज झालं, कर्जापायी तुरुंगही पाहिला. गडी हटला नाही. १८३३ च्या मे महिन्यात त्याचं 'टस्कनी' हे जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांनी पोहोचलं तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शाबूत होता. पुढच्या वर्षी मुंबईची पाळी आली.

शंभर टन उरलाच कसा? बर्फ मुळातच चिवट. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल. त्यात आकाराचं गणित. ठोकळ्याची बाजू दुप्पट केली की बर्फ आठपट होतो, पण उष्णता शिरायला मिळणारा पृष्ठभाग फक्त चौपट. म्हणजे ढीग जितका मोठा आणि जितका घट्ट रचलेला, तितका तो टिकाऊ. घट्ट रचायचा तर ठोकळे एका मापाचे हवेत. तिथे कामाला आला नॅथॅनिएल वायेथ. १८२५ च्या सुमारास त्याने घोड्याने ओढायचा, समांतर दात असलेला नांगर बनवला. गोठलेल्या तळ्यावरचा भुरभुरीत हिम खरवडून काढायचा, मग नांगर आधी उभा आणि मग आडवा फिरवायचा. तळ्यावर बुद्धिबळाचा पट उमटे. पहारी आणि करवतींनी ठोकळे सुटे करत आणि मोकळ्या केलेल्या पाण्याच्या पट्ट्यातून काठीने ढकलत काठावरच्या कोठारापर्यंत नेत.

आणि भुसा. लाकडाच्या गिरण्यांबाहेर वाया जाणाऱ्या भुशात हवा अडकून राहते, ती उष्णतेला वाट देत नाही. आपल्याकडे बर्फाची लादी भुशात घोळून, गोणपाटात गुंडाळून हातगाडीवरून जाते, तीच ही विद्या.

मला मात्र बर्फ टिकण्यापेक्षा तो परवडण्याचं नवल जास्त वाटतं. त्याचं उत्तर जहाजाच्या तळाशी आहे. अमेरिकी जहाजं हिंदुस्थानातून नीळ, कातडी असा माल भरून नेत. पण इकडे येताना विकण्याजोगं त्यांच्याकडे फारसं काही नसे. रिकामं जहाज लाटांवर कलंडू नये म्हणून तळात दगड भरावे लागत. दगडांच्या जागी बर्फ भरला, तर भाडं जे मिळेल ते वरकमाईच. तळ्यातलं पाणी फुकट, भुसा कवडीमोल, भाडं नाममात्र: ट्यूडरचा सगळा हिशेब असा दुसऱ्याच्या टाकाऊवर उभा होता. सोबत गारव्यात टिकलेली बॉस्टनची सफरचंदंही कलकत्त्याच्या बाजारात आली. जहाजाच्या पोटात जागा होतीच!

विचारवंत हेन्री डेव्हिड थोरो ज्या वॉल्डन तळ्याकाठी राहत होता, तिथेही १८४६-४७ च्या हिवाळ्यात ट्यूडरची माणसं येऊन बर्फ कापून गेली. आपल्या विहिरीचं पाणी आता मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक पिणार, अशी कल्पना थोरोने 'वॉल्डन'मध्ये रंगवली आहे.

मुंबईत फोर्टातल्या गोदीजवळ बर्फासाठी घुमटाचं 'आइस हाउस' उभं राहिलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्फाचे कारखाने आले आणि समुद्रापारच्या बर्फाचा धंदा बसला. मुंबईची आणि कलकत्त्याची बर्फघरं पाडली गेली. मद्रासचं तेवढं टिकलं. १८९७ मध्ये पश्चिमेहून परतलेले स्वामी विवेकानंद काही दिवस त्याच इमारतीत उतरले होते, म्हणून आज ते 'विवेकानंद हाउस' आहे. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यासमोर ते अजून पाहता येतं.