दरडोई 3 रुपये 72 पैसे

भटक्या-विमुक्तांसाठी केंद्राने 16 फेब्रुवारी 2022 रोजी ‘सीड’ योजना सुरू केली. तरतूद 200 कोटी रुपये, मुदत 5 वर्षे. रेणके आयोगाने 2008 साली या समाजांची लोकसंख्या, 2001 ची जनगणना आधाराला घेऊन, 10 कोटी 74 लाख धरली होती. भागाकार केला की माणशी 18 रुपये 62 पैसे येतात, वर्षाला 3 रुपये 72 पैसे. शिकवणी, आरोग्य विमा, उपजीविका आणि घर, चारही त्यातच. उत्पन्नाची अट वर्षाला अडीच लाखांची आहे, त्यामुळे सगळेच लाभार्थी नव्हेत. निम्मे धरले तरी आकडा साडेसात रुपयांच्या आत राहतो.

या गणितातला भाजक अंदाजी आहे. सगळ्या जातींची शेवटची प्रकाशित शिरगणती 1931 ची. पुढची 1 मार्च 2027 या संदर्भदिनाची. मधल्या काळात 2017 च्या इदाते आयोगाने समाज मोजले, माणसे नव्हे. समाज निघाले 1,526. त्यांतले 269 अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागास, यांपैकी कुठल्याच यादीत नव्हते. प्रमाण 17.6 टक्के, म्हणजे सहांत एकाहून अधिक.

यादीत नाव नाही, म्हणजे जातीचा कागदही नाही. आणि कागद नसलेली कुटुंबे म्हटले की अमेरिकेतले लॅटिनो स्थलांतरित आठवतात. तिथे 2022 च्या अंदाजानुसार कागदांविना राहणारे सुमारे 1 कोटी 10 लाख, त्यांत बहुसंख्य लॅटिन अमेरिकेतले. त्यांनी सीमा ओलांडली. इथल्यांनी कुठलीच ओलांडली नाही. एकदा तर सीमाच त्यांच्यावरून गेली.

ते कसे, हे धारवाडच्या बाबतीत पाहता येते. मुंबई इलाख्यातल्या ‘गुन्हेगार जमातीं’च्या सेटलमेंटचा कारभार स्टार्ट नावाचा आयसीएस अधिकारी धारवाडातून पाहत असे. (1930 चा अहवाल देणाऱ्या, आंबेडकर सदस्य असलेल्या स्टार्ट समितीचा अध्यक्ष हाच.) सेटलमेंट हुबळीला होती, तशी सोलापूरलाही. 1871 च्या कायद्याने नोंदणी आणि हजेरी आणली, 1911 च्या कायद्याने बोटांचे ठसे. बाहेर जायचे तर पास लागे. म्हणजे कागदाच्या हिशेबात, जिल्ह्यात ज्यांची सर्वांत काटेकोर नोंद होती, ते हेच लोक.

पुढच्या तीन तारखा सव्वानऊ वर्षांत येतात. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा देशभर रद्द झाला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. आणि महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांच्या दाखल्यासाठी वास्तव्याची मानीव तारीख ठरली 21 नोव्हेंबर 1961. अनुसूचित जातींसाठी ती 10 ऑगस्ट 1950 आहे, इतर मागासांसाठी 13 ऑक्टोबर 1967. ज्यांचे पाल दर काही दिवसांनी हलते, त्यांनी अमुक दिवशी आपले घराणे अमुक गावी होते हे दाखवायचे.

त्या सीमेने जातही बदलते. बेरड महाराष्ट्रात विमुक्त, कर्नाटकात बेडर म्हणून अनुसूचित जमाती. बंजारा इकडे विमुक्त, तिकडे लंबाणी म्हणून अनुसूचित जाती. वडार आणि भोवी यांचेही तेच. कैकाडी आणखी पेचात: विदर्भात (राजुरा वगळून) अनुसूचित जाती, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त, आणि त्यांचेच भाऊबंद कोरच, कोरम कर्नाटकात पुन्हा अनुसूचित जाती. सवलतीही त्याप्रमाणे. महाराष्ट्रात विमुक्त ‘अ’ गटाला 3 टक्के आरक्षण. कर्नाटकात 2022 साली अनुसूचित जातींचे 15 वरून 17 टक्के केले गेले, जमातींचे 3 वरून 7.

यादीत बसले की प्रश्न मिटतो असेही नाही. कर्नाटकात नागमोहन दास आयोगाने 2025 साली त्या 17 टक्क्यांची पाच गटांत वाटणी सुचवली. 59 छोट्या, मुख्यतः भटक्या समाजांना (सुमारे सव्वापाच लाख लोक) स्वतंत्र 1 टक्का; लंबाणी, भोवी, कोरम, कोरच या गटाला (28 लाखांवर) 4 टक्के. 19 ऑगस्ट 2025 रोजी मंत्रिमंडळाने दोन्ही एकत्र करून 5 टक्के दिले. बेरीज तीच. पण त्यामुळे 59 समाजांना आपल्याहून पाचपट मोठ्या गटाशी स्पर्धा करावी लागणार होती, म्हणून ते बंगळुरूत रस्त्यावर उतरले.

शाळेत प्रवेश मात्र कागदावर अडत नाही, निदान कायद्याने. अमेरिकेत 1982 च्या ‘प्लायलर’ निकालाने कागद नसलेल्या मुलांना सरकारी शाळा खुल्या ठेवल्या. भारतात 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 14 नुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अडते ते पुढे, शिष्यवृत्तीच्या अर्जावर, जिथे जातीचा दाखला जोडायचा असतो.

आता सोलापुरातला एक कैकाडी मुलगा धरा, ज्याचे आजोबा हुबळीच्या सेटलमेंटमध्ये होते. सेतू केंद्रात आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची मागणी होते. आजोबा शाळेत गेलेलेच नाहीत. जात लिहिलेला सरकारी कागद एकच निघू शकतो, सेटलमेंटची नोंदवही: नाव, जमात, अंगठा. तिने जात सिद्ध होते. ठिकाणाच्या रकान्यात मात्र हुबळी येते, आणि 1961 साली हुबळी महाराष्ट्रात नव्हती.